आजीचं बोट आणि साडेतीन इंची स्क्रीन

मंडळी, मागचे दोन वीकेंड इथे शुकशुकाट होता, कारण मी सांगलीला होतो. आणि सांगलीला जायचं कारण होतं आजीचं बोट.

घाबरू नका, बोटाला काही झालेलं नाही. झालं असं, की आजीचा जुना रेडिओ गेल्या दिवाळीत कायमचा बंद पडला. दुरुस्त करणारे काका म्हणाले, आता याचे पार्ट मिळत नाहीत. मग घरातल्या सगळ्यांनी मिळून तिला एक स्मार्टफोन घेऊन दिला. मोठी स्क्रीन, मोठी अक्षरं, वर आकाशवाणीचं अॅप. सगळे खूश. आजी सोडून.

आजी ८४ वर्षांची आहे. आयुष्यभर भांडी घासलेली, धुणी धुतलेली, शेतातही राबलेली बोटं. ती आयकॉनवर बोट ठेवायची, फोन ढिम्म. परत ठेवायची, ढिम्म. तिसऱ्यांदा जोरात दाबायची, की भलतंच काहीतरी उघडायचं. महिनाभर तिने प्रयत्न केला आणि मग फोन कपाटात गेला. मी विचारलं तर म्हणाली, "माझ्या बोटातला जीवच गेलाय बघ बाळा. त्याला कळतच नाही, मी हात लावलाय ते."

हे वाक्य मला लागलं. दिवसभर लोकांसाठी 'युजर फ्रेंडली' स्क्रीन बनवायचा पगार घेतो आपण, आणि घरची बाई एका काचेपुढे स्वतःलाच दोष देतेय!

पुण्यात माझ्या ड्रॉवरमध्ये एक रास्पबेरी पाय ३ पडून होता. फायनल इयर प्रोजेक्टचा. ('स्मार्ट अटेंडन्स सिस्टीम'. हसू नका, तुमचंही तेच होतं.) त्याच्यासाठी एक छोटी टचस्क्रीन मागवायची आणि आजीला चार बटणांचा रेडिओ करून द्यायचा, असं ठरवलं. स्क्रीन शोधता शोधता मात्र मी नेहमीप्रमाणे इतिहासात घुसलो, आणि तिथे आजीच्या बोटाचं उत्तर सापडलं. म्हणून हा लेख.

सहा आकड्यांची खिडकी

सुरुवात कॉलेजच्या लॅबपासून करू. मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला तो ८०८५ चा कीट आठवतोय? लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत बसवलेलं हिरवं सर्किट, खाली कॅलक्युलेटरसारखी बटणं आणि वर लाल आकड्यांची एक पट्टी. डावीकडे चार आकडे पत्त्याचे, उजवीकडे दोन आकडे डेटाचे. दोन संख्यांची बेरीज करायला पाऊण तास लागायचा, आणि शेवटी उत्तर चुकलं की पार्टनरवर ढकलायचं.

तो कीट म्हणजे सिंगल बोर्ड कॉम्प्युटरच. सगळा संगणक एकाच पाटीवर. त्याचं घराणं १९७६-७७ चं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एमओएस टेक्नॉलॉजी कंपनीने 'किम-१' नावाचा बोर्ड काढला. चक पेडल आणि मंडळींनी बनवलेली ६५०२ चिप इंजिनिअर लोकांना वापरून बघता यावी, एवढाच हेतू. किंमत २४५ डॉलर, मेमरी जेमतेम एक किलोबाइट, २३ बटणं आणि सहा लाल आकडे. पण तो घेतला कोणी? हौशी लोकांनी. घरात स्वतःचा संगणक असावा असं वाटणाऱ्यांनी. पुढच्याच वर्षी इंटेलचा एसडीके-८५ आला, तोही सहा आकड्यांचा. आपल्या लॅबमधले कीट याच वळणाचे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे बोर्ड स्वस्त होते, कारण त्यांना स्क्रीन नव्हती. संगणकात चिप स्वस्त होत गेली, पण माणसाला दाखवायचं आणि माणसाकडून ऐकून घ्यायचं काम महागच राहिलं. किम-१ ने ते काम सहा आकड्यांवर भागवलं. ही तडजोड पुढे रास्पबेरी पायपर्यंत आपली सोबत करणार आहे.

सात किलोमीटरचं यंत्र आणि सोळा बटणं

आता जरा मागे, आणि संगणकाच्या पाटीकडून काचेकडे येऊ. टचस्क्रीन म्हटलं की आपल्या पिढीला २००७ चा आयफोन आठवतो. पण तो जन्मला तेव्हा टचस्क्रीनची चाळिशी उलटून गेली होती.

१९६५ मध्ये इंग्लंडमधल्या मॅलव्हर्न इथल्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी एक छोटा शोधनिबंध छापला. त्यांच्यासमोर होता विमान वाहतूक नियंत्रक. समोर रडारचा पडदा, आणि प्रत्येक विमानाची माहिती कीबोर्डवर टाईप करायची. चूक झाली तर काय होईल ते सांगायला नको. जॉन्सन यांचं म्हणणं असं, की या माणसाला या क्षणी जे मोजके पर्याय लागतात, तेवढेच पडद्यावर दाखवा आणि त्यावरच बोट ठेवू द्या. पडद्यावर त्यांनी तांब्याच्या तारा बसवल्या होत्या. बोट लागलं की तारेतला विद्युत समतोल बिघडायचा, आणि यंत्राला कळायचं.

पण माझा लाडका किस्सा सर्नचा आहे. जिनिव्हाजवळची ही अणुसंशोधन संस्था १९७० च्या दशकात सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन नावाचं यंत्र बांधत होती. सुमारे सात किलोमीटर घेराचं वर्तुळ, जमिनीखाली. त्याआधीच्या यंत्रांच्या कंट्रोल रूममध्ये जवळपास प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र खुंटी, स्वतंत्र स्विच, स्वतंत्र काटा असायचा. एवढ्या मोठ्या यंत्राला ती पद्धत लावली असती, तर नुसत्या बटणांनीच भिंती भरल्या असत्या. मग ठरलं, की मधे संगणक घालायचे आणि एका टेबलाशी बसलेल्या माणसाने सगळं यंत्र चालवायचं. ही जबाबदारी होती फ्रँक बेक यांच्यावर. त्यांनी बेंट स्टुम्पे या डॅनिश इंजिनिअरला विचारलं, की हे टेबल कसं करता येईल?

११ मार्च १९७२ रोजी स्टुम्पे यांनी हाताने लिहिलेलं एक टिपण दिलं. त्यात काचेवर तांब्याचा पातळ थर देऊन त्यातून ८० मायक्रॉनच्या रेघा कोरायची कल्पना होती. म्हणजे साधारण केसाच्या जाडीच्या. इतक्या बारीक, की काचेतून बघताना दिसतच नाहीत. या रेघांचे कपॅसिटर होतात. बोट जवळ आलं की कपॅसिटन्स वाढतो. वाढला म्हणजे बटण दाबलं. प्रत्यक्षात जे बनलं त्यात अशी १६ बटणं होती. जागा ठरलेल्या, नावं मात्र संगणक बदलणार. 'चुंबक' दाबलं की त्याच सोळा जागांवर चुंबकाचे सोळा पर्याय. परत मागे आलात की दुसरं पान. सात किलोमीटरचं यंत्र सोळा चौकोनांत बसलं. १९७६ मध्ये ते सुरू झालं तेव्हा कंट्रोल रूममध्ये या टचस्क्रीन होत्या.

१९७३ मध्ये बेक आणि स्टुम्पे यांनी यावर अहवाल लिहिला. त्याच्या शीर्षकातच दोन उपकरणांचा उल्लेख आहे. एक टचस्क्रीन. आणि दुसरं? एक गोल खुंटी! संगणकाशी जोडलेली, फिरवायची खुंटी. निवड करायला काच, पण एखादी गोष्ट थोडी थोडी कमी-जास्त करायला बोटांच्या चिमटीत धरता येईल असं काहीतरी हवंच, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ही खुंटी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आणि हो, आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी एक गंमत. १९७७ च्या हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात सर्नने या टचस्क्रीनवर चालणारं, पेयं मिसळून देणारं एक यंत्र ठेवलं होतं. नाव 'ड्रिंकोमॅट'. आज यूट्यूबवर रास्पबेरी पाय लावून कॉकटेल बनवणारे जे शेकडो महाभाग दिसतात, त्यांचे खापरपणजोबा हे! :-)

दाब की स्पर्श?

आता आजीच्या बोटाकडे.

सर्नच्या पद्धतीत काच बोटाची विद्युतवाहकता ओळखते. ही स्पर्शाची शाखा, कपॅसिटिव्ह. आपल्या हातातले सगळे फोन याच शाखेचे. (स्टुम्पे यांची बटणं सोळा होती, आता उभ्या-आडव्या पारदर्शक जाळ्या असतात, पण तत्त्व तेच.) तुम्ही किती जोरात दाबता याच्याशी त्या काचेला काही देणंघेणं नाही. तुमच्या बोटाचा ओलसर, मऊ भाग काचेला किती टेकतो, यावर सिग्नल ठरतो. वय झालं की त्वचा कोरडी होते. आयुष्यभर राबलेल्या हातांची ती जाडही झालेली असते. कोरडी, जाड त्वचा वीज नीट वाहू देत नाही. सिग्नल इतका क्षीण होतो, की 'हा स्पर्श नव्हेच' म्हणून कंट्रोलर चिप तो सोडून देते. मग माणूस जास्त जोर लावतो, बोट घसरतं, आणि भलतंच काहीतरी उघडतं.

म्हणजे आजीचं निदान तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं. फोनला खरंच कळत नव्हतं. फक्त कमतरता बोटात नव्हती.

दुसरी शाखा दाबाची, रेझिस्टिव्ह. तिचा उगमही गमतीदार आहे. सॅम हर्स्ट हे ओक रिज प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ १९७० च्या सुमारास केंटकी विद्यापीठात शिकवायला गेले होते. प्रयोगांच्या आलेखांच्या लांबच लांब पट्ट्यांवरून हाताने आकडे उतरवून घ्यायचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी वीजवाहक कागद वापरला. आलेखाच्या रेघेवर ज्या बिंदूला टोचाल, तिथला व्होल्टेज मोजायचा, की त्या बिंदूचे एक्स आणि वाय मिळाले. १९७१ मध्ये त्यांनी एलोग्राफिक्स नावाची कंपनी काढली. ते पहिलं उपकरण पारदर्शक नव्हतं, ते स्क्रीनसाठी नव्हतंच. पारदर्शक रूप नंतर आलं, आणि पुढे त्यांच्या पाच तारांच्या रेझिस्टिव्ह पद्धतीला पेटंट मिळालं.

याच्या साध्या, चार तारांच्या रूपात दोन पारदर्शक वाहक थर असतात. मधे सूक्ष्म ठिपक्यांनी राखलेलं अंतर. वरचा थर प्लॅस्टिकचा, दाबला की वाकून खालच्याला टेकतो. एका थराला व्होल्टेज द्यायचा, दुसऱ्यावरून वाचायचा. अकरावीतलं पोटेन्शियल डिव्हायडर, बाकी काही नाही. इथे दाबणारी वस्तू बोट आहे, नख आहे, की लाटण्याचं टोक, याच्याशी कर्तव्य नाही. कोरडं बोट चालतं, ओलं चालतं, पिठाचंही चालतं.

तुम्ही नोकिया ५८०० वापरला असेल किंवा घरात पाहिला असेल. २००८ सालचा तो फोन रेझिस्टिव्ह होता, सोबत काडी यायची. पुढे सगळ्यांना दोन बोटांनी फोटो मोठे करायचे होते, हलकेच सरकवायचं होतं. दाबाच्या स्वस्त स्क्रीनला एका वेळी एकच बिंदू कळतो. ती मागे पडली, फोनमधून हद्दपार झाली, आणि छोट्या हौशी बोर्डांच्या बाजारात स्वस्तात येऊन बसली.

बंगळुरूचं एक प्रकरण

रास्पबेरी पायकडे जाण्याआधी आपल्या देशातला एक टप्पा सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००१ च्या एप्रिलमध्ये बंगळुरूला सिम्प्युटर नावाचं यंत्र जाहीर झालं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक, आणि सोबत एन्कोर ही सॉफ्टवेअर कंपनी. हातात मावेल असा लिनक्सचा संगणक, ३२० बाय २४० ची कृष्णधवल टचस्क्रीन, स्ट्राँगआर्म चिप, आणि स्मार्ट कार्डची खाच. ते कार्ड का? तर गावात एक यंत्र, आणि प्रत्येकाकडे आपापलं कार्ड. कीबोर्ड नाही, कारण ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही वापरता यावं. चित्रावर बोट ठेवा, यंत्र तुमच्या भाषेत बोलेल.

त्याचा आराखडाही खुल्या परवान्याखाली ठेवलेला होता. ओपन हार्डवेअर हा शब्द आपण कॉन्फरन्समध्ये ऐकायला लागलो, त्याच्या कितीतरी आधी. २००४ मध्ये 'अमिडा' नावाने तो बाजारात आला. पण स्वस्तातलं मॉडेलही दहा हजारांच्या घरात, आणि ज्याच्यासाठी बनवला त्याला ते परवडणारं नव्हतं. खप काही हजारांच्या पुढे गेला नाही. तोवर साधा मोबाईल गावोगाव पोचू लागला होता.

सिम्प्युटर फसला, असं एका ओळीत म्हणून लोक मोकळे होतात. मला त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. 'लिहिता न येणाऱ्या माणसाच्या बोटाला हे यंत्र उत्तर देईल का', हा प्रश्न त्यांनी आधी विचारला आणि यंत्र नंतर बनवलं. कपाटात पडलेल्या आजीच्या फोनच्या बाबतीत तो कोणी विचारला होता? मीसुद्धा नाही. दुकानात मी स्क्रीनची साइज आणि रॅम बघत होतो.

रिकामी खाच

आता रास्पबेरी पाय. केंब्रिजचे एबेन अप्टन आणि सहकाऱ्यांना दिसत होतं, की कॉम्प्युटर सायन्सला येणाऱ्या मुलांची संख्या घटतेय, आणि येतात त्यांनी यंत्राशी झटापट केलेली नसते. १९८१ च्या बीबीसी मायक्रोवर वाढलेल्या पिढीला ती संधी मिळाली होती. (तो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतच पुढे एआरएम चिपचा जन्म झाला. पायमध्ये त्याच वंशाची चिप आहे.) २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पाय विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर.

स्क्रीन? घरचा टीव्ही जोडा. म्हणजे पुन्हा किम-१ चीच तडजोड. पण पहिल्या बोर्डवरही एक चपटी खाच होती, डिस्प्लेची रिबन लावण्यासाठी. त्यात लावायला अधिकृत असं काही साडेतीन वर्षं आलंच नाही.

कारण ऐकण्यासारखं आहे. त्या खाचेला सरळ बसणाऱ्या स्क्रीन फोन आणि टॅब्लेटसाठी बनतात. फोनचं मॉडेल वर्षा-दोन वर्षांत बदलतं, त्याबरोबर स्क्रीनचं उत्पादनही थांबतं. पायला तर वर्षानुवर्षं तीच स्क्रीन मिळत राहायला हवी होती. म्हणून त्यांनी औद्योगिक वापरातली, दीर्घकाळ मिळणारी स्क्रीन निवडली आणि मधे भाषांतर करणारा एक वेगळा बोर्ड घातला. मग रेडिओ लहरींच्या उपद्रवाच्या चाचण्या आल्या. शेवटी सप्टेंबर २०१५ मध्ये सात इंची, ८०० बाय ४८० ची, दहा बोटं ओळखणारी टचस्क्रीन आली. किंमत ६० डॉलर. संगणक ३५ चा, काच ६० ची! नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, ७२० बाय १२८० ची. किंमत तीच.

या साडेतीन वर्षांत हौशी लोक थोडेच थांबणार? त्यांनी पायच्या पिनांवरच छोट्या स्क्रीन ठोकल्या. अडीच, पावणेतीन, साडेतीन इंची. चित्र पाठवायला एसपीआय, म्हणजे मुळात सेन्सरसारख्या छोट्या चिपांशी बोलायची एका पदरी वाट. त्यावरून व्हिडिओ पाठवणं म्हणजे बोळातून एसटी काढणं. नोराल्फ ट्रॉन्स यांनी यासाठी एफबीटीएफटी नावाचे ड्रायव्हर लिहिले, आणि २०१५ मध्ये ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये गेले. या स्क्रीन बहुतेक कुठल्या शाखेच्या? दाबाच्या! रेझिस्टिव्ह. स्वस्त म्हणून.

मी ऑर्डर रद्द करून पुन्हा केली. आधी सात इंची कपॅसिटिव्ह घेणार होतो. आता साडेतीन इंची, 'आउटडेटेड', रेझिस्टिव्ह घेतली. जेवढ्या उत्साहाने लोक नवा फोन घेतात, तेवढ्या उत्साहाने.

सांगलीतले दोन वीकेंड

थोडा हिशोब. ४८० बाय ३२० ची स्क्रीन, प्रत्येक ठिपक्याला १६ बिट. एक चित्र म्हणजे २४,५७,६०० बिट. एसपीआय १६ मेगाहर्ट्झवर चालवला तर सेकंदाला जास्तीत जास्त साडेसहा चित्रं. सिनेमा बघता येणार नाही. चार बटणं दाखवायला मात्र चंगळ आहे.

पहिली गडबड: स्क्रीन आडवी फिरवली, पण टच फिरला नाही. चित्र आणि टच हे दोन वेगळे थर, दोन वेगळ्या चिपा, एकमेकांचा पत्ता नाही. 'रेडिओ' दाबलं की 'नाटक' लागायचं. टचची चिप फक्त ० ते ४०९५ मधले दोन आकडे देते. ते कुठल्या दिशेने वाढतात, कुठून सुरू होतात, हे आपणच सांगायचं. त्यासाठी टीएसलिब नावाची जुनी लायब्ररी आहे. २००१ च्या सुमाराची, लिनक्स एआरएमवर आणणाऱ्या रसेल किंग यांची. ती पाच ठिकाणी फुल्या दाखवते, तुम्ही त्यांवर दाबायचं, की ती गणित मांडून घेते. मी ते दाबायचं काम आजीला दिलं. म्हटलं, बोट तुझं, तर माप तुझ्याच बोटाचं. पाचही फुल्या पहिल्या झटक्यात लागल्या. तिने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही, पण बघितलं.

दुसरी गडबड: पायथॉनमध्ये लिहिलेलं 'रेडिओ' स्क्रीनवर आलं तेव्हा 'ड'ची वेलांटी उजवीकडे गेली होती. देवनागरी जुळवायची अक्कल त्या ग्राफिक्स लायब्ररीला नव्हती. शेवटी चारही शब्दांची चित्रंच बनवून टाकली. सिम्प्युटरवाल्यांनी २००१ मध्ये भारतीय भाषांशी कशी झुंज दिली असेल, हे तेव्हा कळलं.

तिसरी: वीज. लाईट गेली, की मेमरी कार्डवरच्या फाईली बिघडायची भीती. म्हणून कार्डावर काही लिहिलंच जाणार नाही असं सेटिंग केलं. आता लाईट आली की रेडिओ आपोआप उभा राहतो.

चार बटणं अशी: रेडिओ, अभंग, नाटक, बंद. रेडिओ इंटरनेटवरून. अभंग आणि नाटक तिच्याच जुन्या कॅसेटवरून मी उतरवून घेतलेले.

आजीने दाबलं. लागलं. परत दाबलं, बदललं. दहा मिनिटं ती फक्त बटणं बदलत होती. मग म्हणाली, "सगळं बरं आहे, पण आवाजाचा कान कुठाय?"

"स्क्रीनवर अधिक-उणेची चिन्हं टाकतो ना."

"ते नको. कान पिळायला हवा. अंधारात काय बघू मी?"

आणि मंडळी, मला बेक आणि स्टुम्पे आठवले. काच आणि खुंटी. १९७३ च्या अहवालातली दोन उपकरणं. अर्धा अहवाल वाचून मी काम संपलं समजत होतो, उरलेला अर्धा मला आजीने सांगितला.

या छोट्या स्क्रीन पायच्या ४० पैकी पहिल्या २६ पिना अडवतात. उरलेल्या १४ मोकळ्या असतात. त्यांतल्या तिनांवर मी दुसऱ्या वीकेंडला एक रोटरी एन्कोडर लावला, आणि त्याला तिच्या मेलेल्या रेडिओचीच खुंटी बसवली. दांडा थोडा जाड होता, कानशीने घासून घ्यावा लागला. आता रात्री झोप लागली नाही तर ती न बघता हात लांब करते आणि आवाज बारीक करते.

ऑफिसात कोणी मला 'हे तर पाचशे रुपयांच्या रेडिओत झालं असतं' असं म्हणालं. खरंय, रेडिओ झाला असता. अभंगाच्या कॅसेटी नसत्या झाल्या, आणि मुख्य म्हणजे 'माझ्या बोटात जीव नाही' हे तिच्या मनातून गेलं नसतं. परवा ती शेजारच्या काकूंना बोलावून दाखवत होती, "दाबून बघ तू. जरा जोर लाव, घाबरू नको."

काल तिचा फोन आला. (साध्या, बटणांच्या फोनवरून.) नाटकं ऐकून झाली, आता कीर्तन हवंय, वेगळं बटण कर म्हणाली. स्क्रीनवर जागा नाही. बटणं लहान केली तर तिला दिसणार नाहीत. म्हणजे आता चार बटणांची दोन पानं करावी लागणार. सर्नमध्येही जागा सोळाच होत्या, पानं मात्र हवी तेवढी. येत्या शनिवारी तेच काम आहे.